एका वर्गात बसवलं म्हणून मुलं मित्र होत नाहीत, मग कशाने होतात?

गेल्या वर्षी मुलीच्या गॅदरिंगला मी विंगेत मदतीला होते, कुणाला पिना लाव, कुणाची ओढणी नीट कर, कुणाचं पैंजण सापडत नाही ते शोध असली कामं, आणि सातवीचे चार नाच एकामागून एक झाले तेव्हा माझ्या एकदम लक्षात आलं की हा वर्ग चार तुकड्यांत वाटला गेलाय. पहिल्या नाचात सगळ्या सोसायटीतल्या मुली, ज्या स्कूल बसने येतात. दुसऱ्यात माथाडी वसाहतीतल्या, घरी साताऱ्याकडची मराठी बोलणाऱ्या. तिसरा कोळीगीतावर, त्यात गावठाणातल्या पोरी, आणि काय नाचल्या त्या. चौथ्यात तुर्भ्याकडून येणाऱ्या तीन-चार जणी. आणि दोन मुस्लिम मुली कुठल्याच नाचात नव्हत्या, त्या माझ्यासोबत विंगेत पिना देत होत्या.

हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, आपापले ग्रुप करा आणि नावं द्या. बस, एवढंच. मुलींनी ग्रुप केले, म्हणजे जिच्याशी आधीच बोलतो तिच्यासोबत केले, आणि आधीच बोलतो ती कोण तर जिच्यासोबत बसमधून येतो, जिच्या आईला आपली आई ओळखते, जिच्या घरी आपण गेलोय ती. शाळा नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यातली आहे, नाव लिहीत नाही कारण दोष त्या शाळेचा नाही, वाशीत जा, ऐरोलीत जा, ठाण्यात घोडबंदर रोडला जा, हेच चित्र दिसेल. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले आणि जे समजलं ते माझ्यासारख्या पालकांसाठी साध्या शब्दांत लिहितेय, कारण यावर खरंच खूप चांगला अभ्यास झालाय आणि तो आपल्यापर्यंत पोचत नाही.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त तिथे अभ्यासला गेला, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या संदर्भात. १९५४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनेविरुद्ध आहे. पण कोर्टाने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी झालं असं नाही. १९५७ मध्ये आर्कन्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलं सेंट्रल हायस्कूल या गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली तर राज्याच्या गव्हर्नरने त्यांना अडवायला नॅशनल गार्डचे जवान उभे केले, शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवलं तेव्हा ती नऊ मुलं आत गेली. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. जी कमी सांगितली जाते ती मला जास्त लागली, ती अशी की त्या मुलांना प्रवेश मिळाला पण खेळाच्या टीममध्ये नाही, गाण्याच्या ग्रुपमध्ये नाही, कुठल्या क्लबमध्ये नाही. तास झाले की घरी. म्हणजे वर्गात बस, पुस्तक उघड, पण आमच्यासोबत खेळू नकोस, गाऊ नकोस. ज्यांनी हे ठरवलं त्यांना बरोबर कळलं होतं की मुलं एकमेकांची होतात ती कुठे होतात.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९९४-९५ मध्ये, अमेरिकेत शाळकरी मुलांचा एक प्रचंड मोठा सर्व्हे झाला, नव्वद हजारांवर मुलं, सातवी ते बारावीची, आणि त्यात मुलांना विचारलं होतं की तुझे जवळचे मित्र कोण, मैत्रिणी कोण, नावं सांग. जेम्स मूडी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्या माहितीवरून २००१ मध्ये जे दाखवलं ते वाचून मी दोनदा परत वाचलं. आपल्याला वाटतं शाळेत सगळ्या प्रकारची मुलं घेतली की झालं, ती आपोआप मिसळतील. तसं होत नाही. शाळा जसजशी मिश्र होत जाते तसतशी मैत्री उलट जास्त वर्णावरून वाटली जाते, मधल्या टप्प्यात हे सगळ्यात जास्त असतं, आणि शाळा खूपच मिश्र झाली की परत कमी होतं. कारण समजायला सोपं आहे. वर्गात आपल्यासारखं एकच मूल असेल तर त्याला दुसऱ्यांशी बोलावंच लागतं. आपल्यासारखी दहा असतील तर दहांचा कोपरा तयार होतो आणि मधल्या सुट्टीत डबा तिथेच उघडतो.

पण मूडीला अजून एक गोष्ट दिसली आणि आपल्यासाठी तीच महत्त्वाची. सारख्याच मिश्र असलेल्या दोन शाळा घ्या, जिथे वर्गाबाहेरचे कार्यक्रम, म्हणजे टीम, बँड, नाटक, क्लब, हे स्वतः मिश्र असतात तिथे मैत्री एवढी वाटली जात नाही. शाळेत कोण कोण आहे एवढ्यानेच नाही, वर्गाबाहेर कोण कोणासोबत काय करतंय यानेही फरक पडतो.

आता असं का होतं याचं उत्तर त्याच्या खूप आधी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने दिलं होतं, तेही योगायोगाने १९५४ मध्येच. त्याचं म्हणणं नुसती भेट उपयोगाची नाही, चार गोष्टी जुळल्या तर भेटीतून पूर्वग्रह कमी होतो. मी त्या खो-खोवरून सांगते, कारण मी स्वतः शाळेत पाच वर्षं खो-खो खेळलेय आणि मला ते तसंच समजलं.

खो-खोत नऊ जण असतात, आठ रांगेत बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे, आणि नववा पळणाऱ्यांच्या मागे. पाठलाग करणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही, त्यामुळे पलीकडे गेलेल्या गड्याला पकडायचं तर बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून खो द्यावाच लागतो. तू कितीही वेगाने पळ, एकट्याने होत नाही. ऑलपोर्टची पहिली अट म्हणजे सगळ्यांचा दर्जा सारखा, आणि इथे बसलेला प्रत्येक जण केव्हाही उठून पाठलाग करणारा होतो, कोणी कायमचा पाणी आणणारा नसतो. दुसरी अट ध्येय एक असणं, समोरची टीम बाद करायची. तिसरी, ते ध्येय एकमेकांच्या मदतीशिवाय मिळूच नये. चौथी म्हणजे वरच्यांचा पाठिंबा, की सर, बाई, मुख्याध्यापक, पालक यांना हे मनापासून हवं आहे असं मुलांना दिसलं पाहिजे. मूल फार हुशार असतं हो, पी.टी.चे सर कोणाला नावाने हाक मारतात आणि कोणाला "ए तू" म्हणतात हे त्याला पहिल्या आठवड्यात कळतं. नंतर १९९८ मध्ये थॉमस पेटिग्रू या मानसशास्त्रज्ञांनी अजून एक अट घातली, मैत्री होईल इतका वेळ. एक दिवसाची सहल किंवा "विविधतेत एकता" म्हणून पंधरा ऑगस्टला वेगवेगळ्या प्रांतांचे ड्रेस घालून दहा मिनिटं उभं राहणं याने काही होत नाही, आठवड्यातून तीन दिवस तीन महिने प्रॅक्टिस याने होतं.

याच पेटिग्रू यांनी लिंडा ट्रॉप यांच्यासोबत २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले, ३८ देशांतले, अडीच लाख माणसांचे, आणि निष्कर्ष असा की गट एकमेकांना भेटले की पूर्वग्रह बहुतेक वेळा कमीच होतो, आणि चार अटी पाळल्या तर जास्त कमी होतो. अटी अगदी पूर्ण नसल्या तरी थोडा फायदा असतोच, हे पण त्यांनी सांगितलं, म्हणून सगळं परफेक्ट होईपर्यंत थांबायची गरज नाही. अजून एक गंमतशीर गोष्ट त्यांच्या पुढच्या कामात आली. आपल्याला वाटतं दुसऱ्यांबद्दल माहिती मिळाली की गैरसमज जातो, ईद म्हणजे काय, पोंगल म्हणजे काय यावर तक्ते लावले की झालं. माहितीचा वाटा खरंतर छोटा निघाला. मोठा वाटा दोन गोष्टींचा, समोरच्याशी बोलताना वाटणारी धास्ती कमी होणं आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघता येणं. धास्ती हा शब्द मला फार पटला. माझ्या मुलीला त्या दोन मुलींचा राग नव्हता काही, तिला फक्त कळत नव्हतं की यांच्याशी काय बोलायचं, काही चुकीचं बोललो तर, डब्यात काय आहे विचारलं तर चालेल का. आणि त्या दोघींना पण तेच वाटत असणार.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग काय, खेळ ठेवा, झालं. तसं नाहीये, आणि आपल्याकडचाच एक प्रयोग हे फार स्पष्ट दाखवतो. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वाराणसी जिल्ह्यात गावागावात क्रिकेट लीग भरवल्या, वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण या अभ्यासात होते, आणि टीम चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ठरवल्या. काही टीम एकाच जातीगटाच्या, काही मिश्र. अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. जे मिश्र टीममध्ये एका बाजूने खेळले त्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली, बक्षिसासाठी कोणाचं नाव द्यायचं यात आपल्याच जातवाल्याला झुकतं माप देणं कमी झालं. आणि जे दुसऱ्या जातीच्या खेळाडूंसमोर विरोधात जास्त खेळले त्यांच्यात उलटं, संबंध कमीच झाले. मैदान तेच, बॅट-बॉल तोच, माणसं तीच. फक्त रेघेच्या या बाजूला की त्या बाजूला.

हे वाचल्यावर मला आपल्या आंतरशालेय स्पर्धा आठवल्या आणि खरं सांगते पोटात कालवलं. आपल्याकडे मुलं मुळात माध्यमावरून वाटलेली आहेत. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत, ठाण्यात उर्दूच्या शाळा म्हटलं की मुंब्रा डोळ्यासमोर येतं. कळव्यातल्या मराठी शाळेतला मुलगा आणि मुंब्र्यातल्या उर्दू शाळेतला मुलगा, रेल्वेने पुढचंच स्टेशन, त्यांची आयुष्यात पहिली भेट कुठे होणार, तर कबड्डीच्या मॅचमध्ये, समोरासमोर, आणि प्रेक्षकांत दोन्हीकडचे मोठे ओरडतायत. म्हणजे एकच भेट, आणि ती पण नेमकी नुकसान करणारी. मी स्पर्धेच्या विरोधात अजिबात नाही, पण स्पर्धेच्या आधी चार दिवसांचं एकत्र शिबिर घेऊन त्यात टीम मिसळून सराव सामने खेळवले तर काय बिघडेल? मैदान तर तेच वापरायचंय.

दुसरा अभ्यास दिल्लीचा, आणि हा पालकांनी जरूर समजून घ्यावा असा आहे कारण त्यात आपली भीती पण आहे. दिल्लीत २००७ च्या सुमारास बऱ्याच बड्या खासगी शाळांना गरीब घरच्या मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये छापला गेला. गरीब वर्गमित्र मिळालेली मुलं जास्त उदार झालेली दिसली, मदतीच्या कामाला जास्त पुढे आली. मग रिलेची शर्यत ठेवली आणि सांगितलं पार्टनर निवडा, धावणारा गरीब शाळेतला मुलगा की आपल्यासारख्या शाळेतला. बक्षीस मोठं असलं की बहुतेक जण जो वेगाने पळतो तो घेतात, बक्षीस लहान झालं की आपल्यासारखा घेणारे वाढतात, भले तो हळू असो. पण ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती त्यांच्यात हा भेदभाव बराच कमी होता. मार्कांचं म्हणाल तर हिंदी आणि गणितावर काही परिणाम नाही, इंग्रजीत थोडी घट दिसली, हे पण सांगायला हवं, लपवण्यात अर्थ नाही.

आणि यातला माझा सगळ्यात आवडता भाग पुढे आहे. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अक्षरक्रमाने पाडले जात होते. म्हणजे अ वरून नाव असलेला श्रीमंत मुलगा आणि अ वरून नाव असलेला गरीब मुलगा आपोआप एका गटात. त्यावरून राव यांना तपासता आलं की फरक नुसत्या एका वर्गात असण्याने पडतो की एकत्र काम करण्याने, तर मोठा हिस्सा एकत्र काम करण्याचा निघाला. विचार करा, हजेरीपटाचा क्रम! ना पैसे लागले, ना भाषण, ना समुपदेशक.

आपल्याकडे हेच आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं २५ टक्के आहे, खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरच्या मुलांसाठी राखीव जागा, २००९ चा कायदा, २०१० पासून लागू. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून जवळ सरकारी शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. भांडण सगळं प्रवेशावर होतं आणि ते व्हायलाच हवं, पण प्रवेश झाल्यावर काय होतं यावर कुणी बोलत नाही. नाचाचा ड्रेस भाड्याने आठशे रुपये, तो कोण देणार? सहलीचे पैसे, स्केटिंगचा क्लास, शाळा सुटल्यानंतरची बॅडमिंटनची बॅच, हे सगळं वेगळं. लिटल रॉकला मनाई लेखी-तोंडी होती. आपल्याकडे कुणी मनाई करत नाही, फक्त आठशे रुपये सांगतात, आणि मूल घरी विचारतच नाही, बाईंना सांगतं मला नाच आवडत नाही. मी हे त्या दोन मुलींपैकी एकीच्या तोंडून ऐकलं विंगेत, "आंटी मुझे डान्स पसंद ही नहीं," आणि पाच मिनिटांनी पडद्याआड प्रत्येक स्टेप बरोबर करत होती ती.

पैशाइतकीच दुसरी अडचण वेळेची. प्रॅक्टिस साडेपाचला संपते, स्कूल बस अडीचला सुटते. मग ज्यांची घरची गाडी येते तेच थांबणार किंवा जे चालत घरी जाऊ शकतात ते. तुर्भ्याला एनएमएमटीच्या बसने जाणाऱ्या सातवीतल्या मुलीला कुठली आई साडेपाचपर्यंत थांबू देईल? शुक्रवारी दुपारी प्रॅक्टिस ठेवली की नमाजाला जाणारी मुलं गळली. ही कारणं कुणाच्या मनातल्या द्वेषाची नाहीत, टाइमटेबलची आहेत, आणि टाइमटेबल बदलता येतं.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी, नाहीतर आपण खेळाकडून फार मागतो. इराकमध्ये आयसिसमुळे घरदार सोडावं लागलेल्या ख्रिश्चनांच्या फुटबॉल टीममध्ये सलमा मूसा या संशोधिकेने काही टीमना मुस्लिम खेळाडू जोडले, काहींना नाही. २०२० मध्ये निकाल आले. मिश्र टीममधले ख्रिश्चन खेळाडू सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांसोबत सराव करत होते, खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी मुस्लिम खेळाडूला मत देत होते, पुढच्या सीझनला मिश्र टीम चालेल म्हणत होते. पण मैदानाबाहेर, म्हणजे मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जाणं किंवा अनोळखी लोकांच्या कार्यक्रमाला जाणं, तिथे फारसा फरक नाही. मैदानावरचा मित्र मैदानावर राहतो, तो आपोआप घरापर्यंत येत नाही. मला वाटतं तिथे पालकांचं काम सुरू होतं, मुलांच्या वाढदिवसाला सोसायटीतल्याच मुलांना बोलवायचं की नाच बसवणाऱ्या सगळ्या ग्रुपला, हे मूल ठरवत नाही, आपण ठरवतो.

यंदा पालक सभेत मी हे सगळं अभ्यास-बिभ्यास न सांगता दोनच गोष्टी मागितल्या. नाचाचे ग्रुप हजेरीच्या क्रमाने पाडा, आणि ड्रेस शाळेच्या युनिफॉर्मवर ओढणी किंवा फेटा एवढाच ठेवा. एका बाबांनी विचारलं की मुलींना आपल्या मैत्रिणींपासून का तोडायचं, आणि प्रश्न अगदीच चुकीचा नाहीये, माझी लेक पण घरी येऊन रडली की तिची बेस्ट फ्रेंड दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली. मी बाईंना अजून एक सांगितलं होतं, वेगळ्या घरातलं एकटं मूल कुठल्याही ग्रुपमध्ये टाकू नका, निदान दोघी तरी असू द्या, नाहीतर सगळ्यांच्या मिसळण्याचं ओझं त्या एकटीवर येतं. त्यामुळे त्या दोघी एकत्र आहेत, माझ्या लेकीच्याच ग्रुपमध्ये, आणि ग्रुपमध्ये तीन मुली गावठाणातल्या असल्याने गाणं परत कोळीगीतच ठरलंय.

प्रॅक्टिस आता मधल्या सुट्टीनंतरच्या दोन तासांत होते, मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी. बसची वेळ बदलायचं अजून कुणी कबूल केलेलं नाही, त्यासाठी पुढच्या सभेला परत जायचंय. परवा मुलगी घरी येऊन म्हणाली, आई, विंगेतल्या त्या मुलीला सगळ्या स्टेप्स आधीच येतात, बाईंनी तिला पुढच्या रांगेत घेतलं, आणि ती मला शिकवते.